माडावरून पडलेले ६४ रुग्ण आणि तुमचा एच-इंडेक्स

कोकणातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभागात सहायक प्राध्यापक असलेल्या डॉक्टरांचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश असा:

'बढतीची मुलाखत वर्षभरावर आली आहे. गूगल स्कॉलरवरच्या माझ्या पानावर सात लेख, २८ सायटेशन (इतरांच्या लेखांत आलेले माझ्या लेखांचे संदर्भ) आणि एच-इंडेक्स (लेख आणि सायटेशन यांवरून काढलेला आकडा) ३ दिसतो. एमएसच्या प्रबंधावरचा लेख आणि त्याच वेळची एक केस सिरीज (सारख्या रुग्णांच्या मालिकेवरचा लेख) लग्नाआधीच्या नावाने छापून आली होती. ती दोन्ही या पानावर नाहीत. माझ्याबरोबर एमएस झालेला, आता मुंबईत असलेला मित्र १३ वर पोचला आहे. गेल्या तीन वर्षांत माड, पोफळ आणि आंब्यावरून पडलेले ६४ रुग्ण आमच्याकडे दाखल झाले. त्यांच्या नोंदी मी ठेवल्या आहेत. सहकारी म्हणतात, त्यातून चार लेख काढ. एका नियतकालिकाची ईमेल आली आहे: सात दिवसांत प्रसिद्धी, शुल्क १८,००० रुपये, इम्पॅक्ट फॅक्टर ७.२. विभागप्रमुख म्हणतात, प्रत्येक लेखावर विभागातल्या आठही जणांची नावं घालू, सगळ्यांचंच काम होईल. आणि कोकणात झाडावरून पडलेल्यांबद्दल वाचणार तरी कोण? पैसे भरून मोकळी होऊ, की मुंबईला बदली मागू?'

डॉक्टर,

आधी तातडीचं. त्या ईमेलला उत्तर देऊ नका आणि लेखाची फाइल तर मुळीच पाठवू नका. १८,००० रुपये जातील हा त्यातला लहान तोटा. मोठा तोटा असा, की तिथे एकदा लेख चढला की तो दुसऱ्या चांगल्या नियतकालिकाला देता येत नाही. ते दुबार प्रकाशन ठरतं. मागे घ्यायला गेलात तर माघारीचे वेगळे पैसे मागतात, आणि तोवर तुमचे ६४ रुग्ण कुणी न उघडणाऱ्या पानावर अडकून पडलेले असतात. दोन परीक्षकांनी शस्त्रक्रियेवरचा लेख वाचायचा, शंका काढायच्या, तुम्ही उत्तरं द्यायची, ती पुन्हा तपासायची, हे सात दिवसांत होत नाही. चांगल्या ठिकाणी तीन ते सहा महिने सहज जातात.

त्या ७.२ चं काय? इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी 'जर्नल सायटेशन रिपोर्ट्स'मध्ये देते. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतले मोजण्याजोगे लेख. मिळतीजुळती नावं लावून पैसे घेऊन आकडे देणारे बरेच आहेत, म्हणून आकडा कुणी काढला हे आधी बघायचं. शिवाय आपल्या विषयात ७.२ ऐकल्यावरच थांबायला हवं. 'जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरी'सारखं जुनं, मातब्बर नियतकालिक अलीकडे ४-५ च्या आसपास असतं.

कुठलंही नियतकालिक तपासायला अर्धा तास पुरतो. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये त्याचं नाव घाला. मेडलाइन या निवडक वैद्यकीय नियतकालिकांच्या सूचीत सध्या नोंद आहे की नाही ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. 'पबमेडवर दिसतो' एवढ्यावर समाधान मानू नका, कारण पबमेड या शोधयंत्रात मेडलाइनबाहेरचेही लेख दिसतात. स्कोपस या सायटेशन-सूचीत नाव सापडलं तर पुढचा वर्षांचा रकाना वाचा. नोंद दोन-तीन वर्षांपूर्वी थांबली असेल तर ते यादीतून बाहेर पडलेलं आहे. खुल्या नियतकालिकांच्या डीओएजे यादीत नावाऐवजी आयएसएसएन या नियतकालिकाच्या ओळखक्रमांकाने शोधा. आणि यादीतला वेबसाइटचा पत्ता ईमेलमधल्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. खऱ्या नियतकालिकाच्या नावाने खोटी वेबसाइट उभी करण्याचे प्रकार होतात.

आता एच-इंडेक्स. तुमच्या पत्रात बढती आणि एच-इंडेक्स एकाच दमात आले आहेत, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२२ च्या अध्यापक पात्रतेच्या नियमांत लेखांची संख्या, प्रकार, नियतकालिक कुठल्या यादीत आहे आणि लेखकांत तुमचा क्रमांक कितवा, हे बघितलं होतं. मूळ संशोधन, मेटा-अॅनालिसिस आणि सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (आधीच्या अभ्यासांचा एकत्रित, पद्धतशीर आढावा) आणि केस सिरीज धरत. एकाच रुग्णाचा केस रिपोर्ट त्यात नव्हता. लेखक पहिल्या तिघांत हवा होता किंवा करस्पाँडिंग (संपादकांशी पत्रव्यवहार करणारा) हवा होता. २०२५ मध्ये नवे नियम आले आहेत, तेव्हा कुणाच्या व्हॉट्सअॅपवरच्या सारांशावर न जाता राजपत्राची आजची प्रत स्वतः वाचा. तुमच्या सात लेखांत केस रिपोर्ट किती, हे त्या कसोटीवर आजच मोजा. प्रबंधाच्या लेखावर तुमचं नाव पहिलं असेल आणि नियतकालिक मान्य यादीत असेल, तर निम्मं काम कदाचित झालेलंही असेल. नेमणुकीआधीचा लेख धरतात की नाही, हे मात्र आस्थापना शाखेकडून लेखी विचारून घ्या. तोंडी 'चालतंय हो' मुलाखतीच्या दिवशी कामाला येत नाही.

एच-इंडेक्स होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवला. तो ३ असणं म्हणजे तुमच्या किमान तीन लेखांना प्रत्येकी तीन किंवा जास्त सायटेशन आहेत, आणि चार लेखांना प्रत्येकी चार मात्र नाहीत. तुम्ही पाठवलेले आकडे १४, ६, ४, ३, १, ०, ० असे आहेत. लग्नाआधीच्या नावावरच्या दोन लेखांचे १९ आणि ५. एकत्र उतरत्या क्रमाने लावले तर १९, १४, ६, ५, ४, ३, १, ०, ०. बेरीज २८ ची ५२ झाली आणि एच-इंडेक्स ३ चा ४. चार सायटेशनवाल्या पाचव्या लेखाला आणखी एक मिळालं की तो ५ होईल. उलट १९ सायटेशनवाल्या लेखाला उद्या आणखी शंभर मिळाली, तरी हा आकडा ४ च राहील. म्हणजे तुमचं सगळ्यात उपयोगी पडलेलं काम हा आकडा बघतच नाही, आणि एका किरकोळ लेखाला मिळालेल्या एका सायटेशनने तो हलतो. अशा आकड्यावर स्वतःची किंमत ठरवू नका.

पण हरवलेले दोन लेख परत आणायलाच हवेत, आणि यात आपल्याकडच्या कितीतरी डॉक्टर बायकांचं नुकसान होतं. पबमेडवर नाव आडनाव आणि आद्याक्षरं अशा रूपात येतं. लग्नानंतर आडनाव बदललं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलं, की संगणकाला त्या दोन बायका वाटतात. ऑर्किड या संशोधकांच्या ओळखनोंदणीचा १६ अंकी क्रमांक काढा, तो फुकट मिळतो. त्यात 'या नावानेही ओळख' या जागी आधीचं नाव भरा आणि नऊही लेख डीओआय या लेखाच्या कायमच्या क्रमांकाने जोडा. गूगल स्कॉलरवर जुन्या नावाने शोधून ते दोन लेख हातानेच आपल्या पानावर घेता येतात. स्कोपसमध्ये तुमची दोन पानं तयार झाली असतील. ती एकत्र करण्याचा अर्ज तिथेच असतो. स्कोपसचा आकडा गूगल स्कॉलरपेक्षा कमी येईल. स्कोपस निवडक नियतकालिकंच मोजतं आणि गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तकं सगळंच धरतं, म्हणून हा फरक पडतो. अर्जात आकडा लिहिताना कुठल्या ठिकाणचा आणि कुठल्या तारखेचा हे सोबत लिहा. यापुढे लेखावर एकच नाव, एकाच स्पेलिंगने. मुली एमएसला असतानाच त्यांना हे सांगा.

मित्राच्या १३ बद्दल: त्याचे किती लेख वीस-वीस लेखकांच्या बहुकेंद्री अभ्यासातले आहेत, हे आकड्यातून कळत नाही. सांध्यांच्या शस्त्रक्रियेत आणि क्रीडावैद्यकात लेख जास्त निघतात, म्हणून सायटेशनही जास्त पडतात. मुंबईचे फायदे मात्र खरे आहेत: रुग्ण जास्त, निवासी डॉक्टर जास्त, संख्याशास्त्रज्ञ हाताशी. त्यातलं काही तुमच्याकडेही आहे. पीएसएम (सामाजिक आणि प्रतिबंधक वैद्यक) विभागात संख्याशास्त्राचा अध्यापक असतो. लेख लिहून झाल्यावर गाठण्याऐवजी माहिती भरायच्या आधी त्यांच्याशी बसा. आणि १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मधून सरकारी संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं वाचायला मिळतात. तुमच्या ग्रंथपालांना लॉगिन विचारा. घरच्या कारणाने मुंबईला जायचं असेल तर जरूर जा, सायटेशनसाठी जाऊ नका.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मनाला लागलेलं वाक्य म्हणजे 'वाचणार तरी कोण'. अस्थिशल्यात कुठले लेख पुन्हा पुन्हा उद्धृत होतात ते बघा. विल्यम हॅरिस यांचा १९६९ चा लेख खुब्याच्या मोल्ड आर्थ्रोप्लास्टीवरचा होता. ती शस्त्रक्रिया मागे पडली, पण त्यात रुग्ण तपासण्यासाठी दिलेला हिप स्कोअर आजही जगभर भरला जातो, म्हणून लेख जिवंत आहे. गस्टिलो आणि अँडरसन यांचा १९७६ चा लेख १,०२५ उघड्या फ्रॅक्चरवरचा, त्यात जखमेची प्रतवारी दिली आहे. उघडी जखम घेऊन आलेला रुग्ण पाहताना कॅज्युअल्टीतला निवासी डॉक्टर आजही 'गस्टिलो किती?' असंच विचारतो. तशाच जखमांमध्ये पाय वाचेल की नाही हे ठरवायला गस्टिलो पुरेसा पडत नाही, हे कोइम्बतूरच्या डॉ. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी आपल्या रुग्णांवरून दाखवलं आणि २००६ मध्ये स्वतःचा स्कोअर मांडला. दुसऱ्या सर्जनला पुढच्या रुग्णासाठी हाताशी लागेल असं काहीतरी या प्रत्येकात आहे.

झाडांचं म्हणाल, तर १९८४ मध्ये पीटर बार्स आणि सहकाऱ्यांनी मेलानेशियातल्या ग्रामीण भागात झाडावरून पडून झालेल्या दुखापतींवर लेख लिहिला. रुग्ण पापुआ न्यू गिनीचे. छापून आला 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये. आजही झाडावरून पडलेल्यांवर लिहिणाऱ्याला त्याच्यापासून सुरुवात करावी लागते. केरळ, श्रीलंका, फिलिपाईन्स, नायजेरिया, जिथे माणसं झाडावर चढतात तिथल्या सर्जनला तुमचे ६४ रुग्ण वाचायचे आहेत. फक्त त्यांना ते सापडले पाहिजेत. शीर्षकात एकटा 'कोकण' शब्द नको. 'पश्चिम भारताची किनारपट्टी' लिहा, अभ्यासाचा प्रकार लिहा, आणि की-वर्डमध्ये पबमेडच्या मेश या ठरावीक विषयशब्दांच्या यादीतले शब्द घाला: अॅक्सिडेंटल फॉल्स, ट्रीज, स्पायनल फ्रॅक्चर्स, कॅल्केनियस.

चार लेखांचं मात्र मनातून काढा. एकाच माहितीचे तुकडे करणं संपादकांना कळतं आणि त्याला नाव ठेवलं जातं, हे एक कारण. त्याहून मोठं कारण संख्येचं आहे. समजा, ६४ पैकी १६ जणांच्या मज्जारज्जूला इजा आहे. म्हणजे २५ टक्के, आणि ९५ टक्के विश्वासाची मर्यादा (खरं प्रमाण ज्या दरम्यान असण्याची दाट शक्यता आहे ती) साधारण १६ ते ३७. आता फक्त पोफळीवरून पडलेले १६ वेगळे काढले आणि त्यांत ४ निघाले. प्रमाण तेच २५ टक्के, पण मर्यादा १० ते ४९. दहातला एक की दोनातला एक, हेही जो सांगू शकत नाही तो लेख कोण उद्धृत करणार? माहिती अखंड ठेवली तरच तिच्यात जोर आहे.

आणि एकच नेमका प्रश्न विचारा. टाचेचं हाड मोडलं की मणकाही मोडलेला असण्याचं प्रमाण पाठ्यपुस्तकात साधारण १० टक्के दिलेलं असतं. ते आकडे बहुतेक इमारतीवरून, शिडीवरून पडलेल्यांचे. माडावरून सुटलेला पाडेली (नारळ पाडणारा) खोडाला घासत, पाय खाली ठेवून चिऱ्याच्या गडग्यावर किंवा आगरातल्या ओल्या मातीत आदळतो. त्याच्यात हे प्रमाण किती? टाच सुजलेली बघून पाठीचा एक्स-रे किती जणांत पहिल्या दिवशी झालाच नाही? या उत्तराने प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरची दुसऱ्या दिवशीची सवय बदलू शकते.

त्यासाठी तुमच्या नोंदीत काय आहे आणि काय नाही ते तपासा. झाड कुठलं, किती फुटांवरून, खोड ओलं होतं का, पायात दोरीचा फास होता का, खाली जमीन कसली, पडल्यापासून रुग्णालयात यायला किती तास, आणि आणलं कसं: फळीवर आडवं की रिक्षात दुमडून बसवून. हा शेवटचा रकाना बहुतेक अभ्यासांत नसतो आणि आपल्याकडे मज्जारज्जूचं नुकसान तिथेच वाढतं. दाखल होतानाचा आणि घरी जातानाचा एशिया ग्रेड (मज्जारज्जूच्या इजेची श्रेणी), टाचेचा बोलरचा कोन (सामान्यतः २० ते ४० अंश), सीटी असेल तर टाचेच्या फ्रॅक्चरचं सँडर्सचं वर्गीकरण. जुन्या केसपेपरात उंची लिहिलेली नसेल तर आठवणीने भरू नका. 'नोंद नाही' असंच लिहा आणि लेखात किती जणांची नाही ते सांगा.

इथेच विभागप्रमुखांचा प्रश्नही सुटतो. नावं फुकट वाटणं चूक आहे, आणि आंतरराष्ट्रीय संपादक समितीच्या चार अटी सरळ आहेत: आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात मुद्द्याच्या सुधारणा, अंतिम प्रतीला मंजुरी, आणि लेखातल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी. चारही हव्यात. शिवाय पहिल्या तिघांचीच अट असेल तर आठांतल्या चार-पाच जणांना बढतीत त्याचा काहीच उपयोग नाही, हे सरांना समजावून सांगणं अवघड जाऊ नये. पण नुसता नकार देण्याऐवजी त्यांच्याकडे खरं काम घेऊन जा. एक्स-रेचं वाचन एका माणसाने केलं की त्यावर विश्वास बसत नाही. १९७० मध्ये मनमोहन सिंग, नगरथ आणि मैनी या आपल्या डॉक्टरांनी साध्या एक्स-रेवरून हाडाची झीज ओळखायचा निर्देशांक दिला. 'सिंग इंडेक्स' जगभर वापरला गेला, आणि १९९६ मध्ये एका लेखाने तो बघणाऱ्यागणिक बदलतो, भरवशाचा नाही, असं दाखवलं. (हा टीकेचा लेखही सिंग यांच्या खात्यात सायटेशन म्हणूनच जमा होतो, हे सायटेशन मोजताना विसरू नये.) तर सरांना म्हणा, 'सर, सगळे एक्स-रे तुम्ही माझं वाचन न बघता वाचा, सहा आठवड्यांनी क्रम बदलून पुन्हा वाचा, म्हणजे कप्पा (दोन वाचनं किती जुळतात याचा आकडा) काढता येईल.' अनुभवी डोळ्याचं हे काम आहे आणि त्यातून त्यांचं लेखकत्व अर्ध्याहून अधिक मिळवलेलं असेल. मसुदाही त्यांनी तपासला की पूर्ण. कोण काय करणार आणि नावांचा क्रम काय, हे माहिती भरायच्या आधी एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. ज्यांनी फक्त रुग्ण पाठवले त्यांचे आभार माना.

एथिक्स कमिटीकडे जुन्या नोंदींसाठीसुद्धा जावंच लागतं. संमतीतून सूट मागता येते, पण ती कमिटीने द्यायची, आपण गृहीत धरायची नाही. मागची तारीख टाकून मंजुरी मिळत नाही, आणि तिच्याशिवाय चांगला संपादक लेख उघडतही नाही. म्हणून हे पहिलं काम.

एक्स-रेची चित्रं मोबाइलने व्ह्यूबॉक्सवरून काढू नका. ट्यूबलाइटची झळाळी येते आणि बारीक रेषा जातात. मशिनवरून मूळ डिजिटल फाइल घ्या. कोपऱ्यात रुग्णाचं नाव, वय, तारीख असते. तो भाग काळा न करता कापून टाका, कारण काही फाइलींत काळ्या पट्टीखालचं नाव परत दिसतं. आणि लेखात 'देवगड तालुक्यातला ५८ वर्षांचा पाडेली, एप्रिलमध्ये पडला' असं लिहू नका. नाव नसलं तरी अख्ख्या वाडीला तो कोण हे कळतं.

लेख कुठे द्यायचा? 'इंडियन जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक्स' किंवा 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑर्थोपेडिक्स अँड ट्रॉमा'पासून सुरुवात करा. वर्गणीच्या मार्गाने छापलं तर अशा नियतकालिकांत लेखकाला सहसा पैसे पडत नाहीत. पाठवताना खुल्या प्रवेशाच्या (लेखकाने शुल्क भरण्याच्या) पर्यायावर चुकून खूण करू नका. सोबत स्ट्रोबची (निरीक्षणात्मक अभ्यास कसा मांडावा याची) तपासणी यादी भरून जोडा. मुलाखतीचं वर्ष लक्षात घेता दोन महिने एथिक्स आणि माहितीची सफाई, दोन महिने लेखन, आणि पाचव्या महिन्यात लेख गेलेला हवा. नकार आला तर परीक्षकांच्या शंका दुरुस्त करून पंधरा दिवसांत पुढच्या ठिकाणी.

याच दिवसांत, येत्या आंब्याच्या हंगामापासून, पुढच्या रुग्णांची नोंदवही सुरू करा. तिचा प्रश्न वेगळा असेल: वर्षाने कोण कामावर परतला. हा तुमचा दुसरा, वेगळा आणि प्रामाणिक लेख. त्यात अडचण एकच, पाठपुरावा. वीस टक्क्यांहून जास्त रुग्ण हरवले तर परीक्षक निष्कर्षावर विश्वास ठेवत नाहीत, आणि आपल्याकडे ते हरवतातच. बागेतला नेपाळी राखणदार हंगाम संपला की गावी जातो. म्हातारा पाडेली मुलाकडे विरार-नालासोपाऱ्याला. म्हणून दाखल होतानाच तीन फोन नंबर घ्या: रुग्णाचा, मुंबईतल्या मुलाचा, आणि बागमालकाचा किंवा वाडीतल्या दुकानदाराचा. कामावर परतला का, किती चालतो, पुन्हा झाडावर चढतो का, हे फोनवर विचारता येतं, एक्स-रेपुरतंच बोलवा. आणि बोलवायचं ते सहा महिने मोजून नको. मुंबईकर गणपतीला आणि शिमग्याला गावी येतात, तेव्हा म्हाताराही घरी असतो. चतुर्थीच्या दोन दिवस आधी आणि गौरीविसर्जनानंतर लगेच, परतीच्या गाड्या भरायच्या आत, अशा दोन ओपीडी लावा आणि त्या तारखा डिस्चार्ज कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून द्या.